डायनामो उतरवण्याआधी: अल्टरनेटर बदलण्याची किंवा भरून घेण्याची तयारी

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की आपण गाडी थेट बॅटरीच्या दुकानाकडे वळवतो. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं. सकाळी गाडी सेल्फ घेत नव्हती म्हणून नवी बॅटरी टाकली, आणि पाच महिन्यांत तीही रोज सकाळी उतरलेली सापडायला लागली. गॅरेजवाले आणखी एक बॅटरी टाकायला निघाले होते. तेव्हा शेजारच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांनी बॉनेट उघडून अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणाऱ्या 'डायनामो'च्या, पाठीवर नुसता हात ठेवला. गाडी रात्रभर बंद होती, तरी अल्टरनेटर कोमट लागत होता. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला एक डायोड गळत होता आणि रात्रभर बॅटरीतला करंट उलटा त्याच्यातून वाहत होता. एक बॅटरी विनाकारण घेतली गेली. म्हणून या तयारीत पान्यांच्याही आधी खात्री करून घेणं येतं.

त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तो सहज मिळतो, आणि या कामाला महागडा लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडून बाकी काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला, तर अल्टरनेटर चार्ज करतोय. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू करा आणि कुणाला तरी रेस थोडी वाढवून धरायला सांगा. भार टाकल्यावरही आकडा साडेतेराच्या आसपास टिकायला हवा. तो बारावर घसरून आणखी खाली जात असेल, तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर चढत असेल, तर व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर गेलाय. हा दोष जास्त वाईट, कारण त्यात बॅटरी आतल्या आत उकळते आणि बल्ब एकामागून एक उडतात. अलीकडच्या काही गाड्यांत संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे रेस न देता, रिकाम्या इंजिनावर एकदा १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटरला दोषी धरू नका, दिवे लावून पुन्हा बघा.

डायोडची शंका असेल, तर मीटर एसी (आल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर फिरवा आणि गाडी चालू ठेवून, दिवे लावून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला, तर डायोड प्लेट (सगळे डायोड बसवलेली पट्टी) संशयित आहे. सकाळी पाठीवर हात ठेवायची युक्ती तर फुकटच.

आकडा वाईट आला तरी लगेच अल्टरनेटर उतरवू नका. त्याआधी चार जागा पाहून घ्या. पट्टा ढिला किंवा तेलकट झालाय का? मागच्या बाजूची जाड वायर आणि कपलर (वायरींचा प्लग) घट्ट आहेत का, त्यावर हिरवट-पांढरा गंज चढलाय का? बॅटरीजवळचा मोठा फ्यूज उडालाय का? इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची वायर शाबूत आहे का? पुण्याच्या पावसाळ्यात ही अर्थची वायर आतून सडते आणि वरून धडधाकट दिसते. इंजिन चालू, दिवे लावलेले असताना मीटरची एक तार अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवा. ०.२ व्होल्टहून जास्त आलं, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंतही असंच मोजा. आणखी एक बघा: चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लाल दिवा लागायलाच हवा. तेव्हा तो लागतच नसेल, तर दिवा उडालेला किंवा फील्डकडे (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या गुंडाळीकडे) जाणारी बारीक वायर तुटलेली असू शकते. बऱ्याच जुन्या गाड्यांत तेवढ्यानेही चार्जिंग सुरू होत नाही.

दिवा रस्त्यात लागला, तर काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवा. मी एकदा आईला घेऊन वाईहून रात्री परतत होते. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि शिरवळच्या अलीकडे दिवा लागला. तेव्हा मनात जो हिशोब करता आला नाही, तो आता लिहून देते. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. ५५ वॉटचे दोन हेडलाइट एकटेच ९ अँपिअर खातात. पेट्रोलचा पंप, कॉइल, इंजेक्टर, रेडिएटरचा पंखा वेगळे. शिवाय बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत गाडी चालत नाही, व्होल्टेज बरंच पडलं की त्याआधीच इंजिन मान टाकतं. म्हणून दिवसा तासाभराचा, तर रात्री अर्ध्या तासाचाच भरवसा धरा. एसी, ब्लोअर, रेडिओ, मोबाइलचं चार्जिंग बंद करा आणि इंजिन मध्ये बंद करू नका. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असेल, तर ते आधी जड होईल, हे लक्षात ठेवा. मात्र दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढत असेल, तर पट्टाच तुटलाय असं समजून ताबडतोब थांबा. कित्येक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. आम्ही त्या रात्री एका ढाब्याच्या उजेडात थांबलो आणि सकाळी गाडी टोचन करून पुण्यात आणली. आईची औषधं माझ्या पिशवीत होती म्हणून रात्र नीट गेली. आता डिकीत टोचनचा दोर आणि आईच्या एका दिवसाच्या गोळ्या कायम असतात.

आता खरा प्रश्न: नवा घ्यायचा की आहे तोच भरून, म्हणजे आतले खराब भाग बदलून, घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. अल्टरनेटर उघडून बघितल्याशिवाय कुणालाही होकार देऊ नका. दुकानात उभं राहा आणि 'काका, माझ्यासमोर खोला' असं सांगा. चांगला कारागीर हे ऐकून नाराज होत नाही. उलट एकेक भाग हातात देऊन दाखवतो.

सगळ्यात आधी ब्रश बघा. कार्बनचे हे दोन तुकडे झिजतच असतात, आणि झिजून पाच मिलिमीटरच्या खाली आले की बदलायचे. बऱ्याच वेळा सगळा आजार इतकाच असतो. ब्रश ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगांवर बोट फिरवा. नुसत्या काळ्या असतील, तर बारीक काचपेपरने साफ होतात. खोल खाच पडली असेल, तर लेथवर लावाव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात. दोन रिंगांमध्ये मीटर लावल्यावर रोटरचा (आतल्या फिरत्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स दोन ते पाच ओहमच्या आसपास येतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मात्र काहीच यायला नको. आलं, तर रोटर बॉडीला लागलाय. बेअरिंग हातात फिरवा, खरखर जाणवली तर दोन्ही बदला, एकच बदलून पैसे वाचवू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०२ किंवा ६३०३ असा काहीतरी. तो वाचून चांगल्या कंपनीचंच मागा. एसकेएफचा कारखाना तर आपल्या चिंचवडलाच आहे. निनावी बेअरिंग सहा महिन्यांत पुन्हा रडायला लागतं आणि सगळी उतरवाउतरव नव्याने करावी लागते.

डायोड प्लेट आणि रेग्युलेटर सुटे मिळतात, आणि तेवढेच बदलून अल्टरनेटर वर्षानुवर्षं चालल्याचं मी पाहिलंय. डायोड प्लेटला स्टेटरच्या (बाहेरच्या स्थिर गुंडाळीच्या) तारा डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडतात. तो सांधा चकचकीत आणि भरीव आहे का ते बघा. निस्तेज, खडबडीत सांधा गरम झाला की सुटतो.

स्टेटर मात्र नाकाने तपासा. वार्निश जळल्याचा वास येत असेल आणि तारांचा तांबूस रंग काळा पडला असेल, तर नव्याने वाइंडिंग करून देणारे भेटतील, पण रोजच्या गाडीसाठी मी ते करत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेल्या अल्टरनेटरचंही तेच. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. असा अल्टरनेटर वाळवल्यावर काही दिवस चालतोही, पण बेअरिंग आणि रिंगांमध्ये गेलेला गाळ पुढे घात करतो. निदान उघडून धुऊन, बेअरिंग आणि ब्रश बदलल्याशिवाय तो परत बसवू नका. एकूण खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर मी नवाच घेते.

काही जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. तुमची गाडी तशी असेल, तर तेलाचे पाइप, वॉशर आणि सील यादीत घाला. सील गळलं की इंजिनचं तेल आत शिरून ब्रश बुजतात. अशा वेळी नुसते ब्रश बदलून उपयोग नसतो. काम झाल्यावर गाडी गल्लीबाहेर काढण्याआधी ब्रेक दाबून बघा. पेडल दगडासारखं लागलं, तर गाडी हलवू नका.

नवा किंवा तयार रिकंडिशन घ्यायचा असेल, तर नाना पेठेत जाण्याआधी जुन्याच्या लेबलचा स्वच्छ फोटो घ्या. त्यात पार्ट नंबर आणि किती अँपिअरचा ते दिसलं पाहिजे. पुलीवरच्या खाचा मोजा आणि कपलरच्या पिना मोजा. एका बाजूला मोकळी फिरणारी क्लच पुली आहे की साधी, तेही टिपा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत दोन वेगळे अल्टरनेटर असू शकतात. बदल्यात जुना मागतील, पण नवा बसून चार्जिंगचा आकडा दिसेपर्यंत जुना हातचा सोडू नका. बिलावर वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

घरच्या पार्किंगमध्ये स्वतः करणार असाल, तर १०, १२, १३ आणि १४ चे पाने, गोटी पान्यांचा सेट, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर दाबायला लांब टॉमी (दांडा), गंज सोडवायचा स्प्रे, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा लागेल. काही गाड्यांत अल्टरनेटर खालून निघतो. तिथे नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून गाडीखाली शिरू नका, घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. पट्टा कुठून कसा फिरतो त्याचा फोटो काढा. तो जुना असेल, तर याच वेळी बदला, कारण तो आता हातात आलाच आहे. रेडिओला कोड लागत असेल, तर तो शोधून ठेवा. मग सर्वात आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. अल्टरनेटरमागची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी काढली तरी ती जिवंतच. पाना तिच्यावरून बॉडीला टेकला, तर ठिणगी नाही, भडका उडतो. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून 'डायनामो चालतोय का' बघण्याची जुनी पद्धत अजून काही जण वापरतात. ती कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्यात डायोड, रेग्युलेटर आणि गाडीचा संगणकही जाऊ शकतो.

उतरलेली बॅटरी मात्र आदल्या रात्री चार्जरवर पूर्ण भरून ठेवा. नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी रिकामी बॅटरी भरायला लावली, तर तो तापतो.

बसवून झाल्यावर पट्टा सरळ बसलाय ना ते बघा, गाडी चालू करा, लाल दिवा विझतोय ना ते पाहा आणि सगळा भार टाकून पुन्हा मोजा. दहा मिनिटं चालवून जाड वायरच्या टर्मिनलजवळ हात न्या. चटका बसत असेल, तर नट ढिला आहे. शेवटचं मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी लावायच्या आधी. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत त्या सकाळची नोंद आहे: १२.६२, अल्टरनेटर थंड.