मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवासाचे तास मोजताना या चुका टाळा

मुलं अमेरिकेत असलेले आमच्या सोसायटीतले लोक तिकीट काढून झालं की माझ्याकडे येतात. वर्षानुवर्षं चुका त्याच.

सगळ्यात महाग पडते ती तारखेची चूक. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१२ जानेवारी, ००:४५' असेल, तर पुण्यातलं घर ११ तारखेलाच सोडायचं. आमच्याकडचे एक काका-काकू १२ च्या संध्याकाळी निवांत बॅगा भरत होते. वजनकाटा हॉलमध्ये, मेतकूट कुठल्या बॅगेत घालायचं यावर चर्चा, गाडी रात्री आठला सांगितलेली. तेवढ्यात मुलाचा फोन आला, "आई, विमान कधीच उतरलंय, तुम्ही बाहेर का येत नाही?" तिकिटाचे पैसे बुडाले, नवी तिकिटं दामदुप्पट भावाने घ्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून देतो : '११ तारीख, दुपारी ४, घरातून निघणे.' ती फ्रिजवर लावायची, तिकीट फाइलमध्ये.

दुसरी चूक वजाबाकीची. पहाटे दीडला निघून सकाळी सातला पोहोचतं, म्हणजे साडेपाच तास, असं म्हणणारे दरवर्षी भेटतात. सातची वेळ तिथली असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. खरा प्रवास सोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांवर येतो. मोबाइलवर तयार आकडा मिळतो हे खरं, पण एकदा तरी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून हाताने हिशेब करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेवढाही धीर नसेल तर पुढे गोंधळ ठरलेला.

अंतर भागिले वेग हेही पुरत नाही. साडेबारा हजार किलोमीटर, ताशी नऊशे, म्हणजे चौदा तास, हा हिशेब कागदावर ठीक. उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना साधारण सोळा तास, येताना चौदाच्या आसपास.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग काढू नका. पृथ्वी गोल आहे. सर्वांत जवळची वाट सहारावरून नाही, उत्तरेकडून नॉर्वे-ग्रीनलंडच्या बाजूने जाते. तीही कायम मोकळी नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. नकाशावरचं सरळ अंतर तेच राहिलं, पण वळसा पडून तास वाढले.

उतरायचा विमानतळ जेएफके की नेवार्क, हे घ्यायला येणाऱ्याला आधीच कळवा. नेवार्क न्यू जर्सीत आहे.

आणि मधुमेहाची औषधं चालू असतील, इन्शुलिन असेल तर फारच, घरातून निघाल्यापासून मुलाच्या दारात पोहोचेपर्यंतचे सगळे तास मोजून डॉक्टरांना सांगा. पुण्याहून निघणाऱ्याचे ते चोवीसच्या पुढे जातात.