कोस्टा देल सोलवर गोल्फकोर्सकाठी घर: आयरिश शेजाऱ्याचं किती ऐकायचं

दक्षिण स्पेनच्या मालागापासून एस्तेपोनापर्यंतच्या किनाऱ्यावर घर बघायला गेलात की फुएनहिरोला, बेनाल्मादेना, मिहास या भागात आयरिश माणूस भेटतोच. डब्लिनहून विमानाने तीन तास, ऐन जानेवारीतही खेळता येईल अशी हवा, त्यामुळे बरीच आयरिश कुटुंबं इथे मुरलेली आहेत. घर आणि मैदानाबद्दल ती जे सांगतील ते कान देऊन ऐका. पैसा, व्हिसा आणि कर यांत मात्र त्यांचा सल्ला मुंबईकराच्या कामाचा नाही. त्यांच्याकडे युरोपीय संघाचा पासपोर्ट आहे, आपल्यामागे फेमा, म्हणजे भारताचा परकीय चलन कायदा, आहे.

पैशाचं गणित मुंबईतच उरका

आयरिश माणूस सहज सांगेल, ‘इथल्या बँकेचं कर्ज घ्या.’ भारतात राहणाऱ्याने तो विचार सोडून द्यावा. २०२२ च्या फेमा नियमांत परदेशी घर घेण्याचे जे मार्ग दिले आहेत त्यांत तिथलं गृहकर्ज नाही, आणि अशा खरेदीसाठी इथली बँकही कर्ज देऊ शकत नाही. उरतो एलआरएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेचा मार्ग: माणशी, आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार डॉलर. नवरा-बायकोचा कोटा एकत्र करता येतो, पण ज्याचा पैसा जाईल त्याचं नाव खरेदीखतावर हवं. ‘पैसे दोघांचे, घर एकाच्या नावावर’ हे चालत नाही.

४ लाख युरोचा जुना फ्लॅट घेतलात तर अंदालुसियाचा, म्हणजे या प्रदेशाचा, हस्तांतरण कर ७ टक्के, म्हणजे २८ हजार युरो. वकिलाचे साधारण १ टक्का अधिक व्हॅट, शिवाय नोटरी आणि नोंदणीचे दोन-तीन हजार. बिल्डरकडून नवा घेतलात तर १० टक्के व्हॅट आणि १.२ टक्के मुद्रांक, म्हणजे ४४,८०० युरो. दोघांचा एका वर्षाचा कोटा यात जवळजवळ संपतो आणि युरो महाग असेल तर पुरतही नाही. म्हणून विसार मार्चमध्ये आणि उरलेली रक्कम एप्रिलमध्ये, अशी आखणी करा. पाठवलेले पैसे १८० दिवसांत गुंतवले गेले नाहीत तर परत आणावे लागतात, त्यामुळे ‘खात्यात टाकून ठेवू, घर मिळेल तेव्हा बघू’ हे करू नका.

दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. दोन कोटी पाठवलेत तर ३८ लाख वेगळे काढून ठेवावे लागतात. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर अडकतात. बहुतेकांचा व्यवहार नेमका इथे तुटतो, कारण ही रक्कम बजेटमध्ये धरलेलीच नसते.

व्हिसा

घर घेतलं म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. स्पेनचा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, एवढंच. जास्त राहायचं तर नोकरी-धंदा न करण्याच्या अटीवरचा निवास परवाना आहे. त्यासाठी अर्जदाराला वर्षाला २८,८०० युरोचं उत्पन्न किंवा तेवढी शिल्लक दाखवावी लागते. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर स्पेनचे करदाते व्हाल, हे आधीच ठरवून घ्या.

मैदान: इथे आयरिश शेजारी हवाच

घर पाहण्याआधी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, जाऊन उभे राहा. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा चेंडू बहुतेकदा स्लाइस होऊन उजवीकडे जातो. म्हणजे टीवरून बघताना उजव्या बाजूला, साधारण १८० ते २२० मीटरवर जी घरं आहेत, मार त्यांना. ब्रोशरमध्ये हीच घरं ‘गोल्फच्या पहिल्या रांगेतली’ म्हणून चढ्या भावाने विकतात. गच्चीवर गेल्यावर समुद्राकडे बघायच्या आधी खाली बघा: टाइलला अर्धचंद्राकृती टवका, सौरपॅनलच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक, रेलिंगच्या ॲल्युमिनियमला पोचा, कुंड्यांमागे दोन-चार चेंडू. यातलं काही दिसलं तर भाव पाडून मागण्यापेक्षा दुसरं घर बघा, कारण नंतर जाळी लावायलाही सोसायटीची परवानगी लागते.

डाव्या बाजूचं, चेंडू पडण्याच्या टप्प्याच्या पुढचं आणि फेअरवेपेक्षा (टीपासून पुढची कापलेल्या गवताची पट्टी) थोडं उंचावरचं घर सर्वांत चांगलं. ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताला, चिकटून असेल तर गवत कापायचं यंत्र पहाटेच सुरू होतं. रात्री स्प्रिंकलर चालतात आणि वाऱ्याने पाणी आलं की काचांवर क्षाराचे पांढरे डाग पडतात. दिशा दक्षिण किंवा नैर्ऋत्य हवी. उत्तरेकडच्या खोल्या डिसेंबर-जानेवारीत दमट राहतात, कपाटात बुरशी धरते.

कोर्सला पाणी कुठून येतं हेही विचारा. २०२३-२४ च्या दुष्काळात या पट्ट्यात कितीतरी ठिकाणी जलतरण तलाव भरण्यावर बंधनं आली होती. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालणारा कोर्स अशा वेळी हिरवा राहतो. बाकीचे पिवळे पडतात आणि घराचं भाडंही पडतं.

घराबरोबर सदस्यत्व मिळेल असं धरून चालू नका. चेंबूरच्या किंवा ताडदेवच्या क्लबमध्ये खेळत असाल तर हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाच्या दर्जाच्या आकड्याचा, दाखला बरोबर न्या. काही कोर्स तो पाहिल्याशिवाय टी-टाइम, म्हणजे खेळायची वेळ, देत नाहीत. १९९७ चा रायडर कप झालेलं वाल्देरामा आणि २०२३ चा सोल्हाइम कप झालेलं फिंका कोर्तेसीन खेळायला अप्रतिम आहेत, पण घर निवडताना रोजच्या परवडणाऱ्या कोर्सजवळचंच निवडा.

कागद

आधी एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. ईएक्स-१५ अर्ज भरून तो मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीतून मागवता येतो. त्याशिवाय खरेदीखत पुढे सरकत नाही.

वकील स्वतः शोधलेला हवा, एजंटने सुचवलेला नको. त्याने पहिल्यांदा नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिंप्ले’ काढावी. मालक कोण, बोजा किती, क्षेत्रफळ किती हे त्यात येतं. बंद केलेली बाल्कनी त्यात नसेल तर ती बेकायदा असण्याची शक्यता धरा. याच किनाऱ्यावरच्या मार्बेयात बांधकाम परवान्यांचा घोळ इतका होता की २००६ मध्ये सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. त्या काळातल्या इमारतीचा भोगवटा परवाना पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्याच. कायद्याने चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या घरावर येते. पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर सोसायटीचे ठराव वाचा. ३ एप्रिल २०२५ पासून नव्या पर्यटक-भाड्याला तीन-पंचमांश सभासदांची मंजुरी लागते.

मग विसार करार, सहसा १० टक्क्यांचा. त्यात ‘आरास पेनितेन्सियालेस’ हे शब्द असलेच पाहिजेत. तसं असेल तर तुम्ही मागे फिरलात की विसार बुडतो आणि विकणारा फिरला तर तो दुप्पट परत देतो. शब्द नसतील तर पुढे वाद. खरेदीची मुदत निदान ६० दिवसांची मागा, मुंबईच्या शाखेत पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म आणि कागदपत्रांत आठवडे जातात. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर प्रत्येक हप्त्याला बँक हमी हवी. २००८ च्या पडझडीत कितीतरी आयरिश खरेदीदारांनी हमी न घेता भरलेले पैसे वर्षानुवर्षं अडकले.

सोतोग्रांदे ही एस्तेपोनापुढची गोल्फ-वसाहत काडिस प्रांतात, जिब्राल्टर सामुद्रधुनीजवळ आहे. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला शहरी हद्दीबाहेरच्या जमिनीसाठी लष्करी परवानगी लागू शकते. आयरिश माणसाला ती लागत नाही, म्हणून तो सांगणारही नाही. वकिलाकडून लेखी घ्या.

विकणारा स्पेनबाहेर राहणारा असेल तर किमतीच्या ३ टक्के रक्कम तुम्हीच कापून महिन्याभरात तिथल्या सरकारला भरायची. विसरलात तर त्याच्या कराचा बोजा तुमच्या घरावर चढू शकतो.

घर रिकामं ठेवलं तरी दर वर्षी फॉर्म २१० भरावा लागतो: सरकारी नोंदीतल्या मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के हे मानीव उत्पन्न (भाडं न मिळताही धरलेलं), त्यावर आपल्याला २४ टक्के कर, आयरिश शेजाऱ्याला १९. मुदत पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. इकडे प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) घर आणि तिथलं बँक खातं दोन्ही दाखवायचं, तेही जानेवारी ते डिसेंबर या हिशेबाने. घर लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.