साताऱ्याच्या थंडीत इडलीचं पीठ फुगवायचं कसं

माझं माहेर मिरजेचं, सासर साताऱ्याचं. अंतर काही फार नाही, पण इडलीच्या पिठाला ते बरोबर कळतं. मिरजेत एप्रिल-मे महिन्यात रात्री झाकून ठेवलेलं पीठ पहाटे झाकण उचलून बाहेर यायचं. इथं लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात तेच प्रमाण घेतलं, पातेलंही माहेरचंच, आणि सकाळी पीठ होतं तिथंच. पाहुणे बसलेले, म्हणून सोडा घातला. इडल्या फुगल्या खऱ्या, पण पिवळट दिसत होत्या आणि जिभेवर सोडाच राहिला. त्यानंतर मी इडलीत सोडा कधी घातला नाही. पीठ नीट वाटलं आणि ऊब मिळाली, तर त्याची गरजच पडत नाही.

३ वाट्या उकडा तांदूळ, १ वाटी उडीद गोटा, अर्धा चमचा मेथी आणि मूठभर जाडे पोहे. घरात इंद्रायणी असतो म्हणून तो घेऊ नका. भाताला त्याची चव सुरेख, पण तो चिकट, इडली दाताला चिकटते. उकडा मिळाला नाही तर साधा जाडा तांदूळ चालेल. डाळ मात्र नवी बघून घ्या. वर्षभर डब्यात पडलेला उडीद कितीही वाटला तरी फुगत नाही.

तांदूळ ६ तास भिजवायचा. उडीद आणि मेथी एकत्र, पण तांदळापासून वेगळी, ४ तास. पोहे वाटायच्या आधी अर्धा तास.

आता वाटणं, सगळं यातच आहे. मिरजेत आमच्या वाड्यात धारवाडकडच्या एक अक्का राहायच्या, त्या म्हणायच्या, "उडीद हलका झाला पाहिजे गं बाळ, तांदूळ नुसता त्याच्या सोबतीला." त्यांच्याकडे रगडा होता, त्यात डाळ गरम होत नाही. आपल्या मिक्सरचं भांडं दोन मिनिटांत तापतं. म्हणून भिजलेली डाळ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, पाणीही फ्रीजमधलंच घ्या आणि ते एकदम न ओतता दोन-दोन चमचे घालत जा. मिक्सर थांबवत थांबवत चालवा. आधी डाळ घट्ट, पिवळसर दिसते. मग हळूहळू पांढरी होते, भांड्यात वर चढायला लागते, आणि बोटावर घेतली तर लोण्यासारखी लागते. वाटीभर पाण्यात तिचा एक थेंब टाका. तरंगला तर डाळ झाली, बुडाला तर आणखी फिरवा. ही हवा आणि उडदाचा चिकटपणा मिळूनच पुढं आंबताना तयार होणारा वायू धरून ठेवतात.

तांदूळ आणि पोहे मात्र गुळगुळीत करू नका, बारीक रव्यासारखं राहू द्या. दोन्ही मोठ्या पातेल्यात एकत्र करून हातानं चांगलं फेटा. पीठ पळीतून जाड धारेनं पडावं. पातेलं निम्मंच भरू द्या. उन्हाळ्यात मीठ याच वेळी घालते. थंडीत मीठ आंबण्याला थोडं रोखतं, म्हणून सकाळी.

साताऱ्यात नोव्हेंबर ते जानेवारी आणि भर पावसात मी असं करते: मोठ्या पातेल्यात कोमट पाणी, बोट सुखानं ठेवता येईल एवढंच. त्यात पिठाचं पातेलं, वर झाकण, आणि सगळ्याला सासूबाईंची जुनी घोंगडी गुंडाळायची. झोपताना एकदा पाणी बदलते. पाणी जास्त गरम झालं तर आंबवणारे जीवाणूच मरतात, तेवढं जपा. घड्याळ बघू नका. मिरजेच्या उन्हाळ्यात ८ तासांत येतं ते इथं १४-१६ तासही घेतं. पीठ जवळजवळ दुप्पट झालं, वर बुडबुडे दिसले, चमचा घातला की आत जाळी दिसली आणि वास आंबूस पण गोडसर आला, की तयार. उग्र वास म्हणजे उशीर झाला.

फुगलेलं पीठ ढवळून बसवू नका. मीठ घालायचं असेल तर हलक्या हातानं. डाव एका कडेनं घालून पीठ उचला, तेल लावलेले साचे पाऊण भरा. कुकरमधलं पाणी आधी खळखळून उकळू द्या, मगच पात्र ठेवा. शिटी काढून १० ते १२ मिनिटं, मोठ्या आचेवर. ओलं बोट लावून बघा, चिकटलं नाही तर झालं.

पात्र बाहेर काढून ५ मिनिटं तसंच ठेवा. गरम गरम काढायला गेलं की इडली तुटते, तळ साच्यालाच राहतो. चमचा पाण्यात बुडवून कडेनं फिरवला की ती आपोआप सुटते. अक्का साच्यात ओलं फडकं घालायच्या, तेही उत्तम, फडक्यासकट उचलायची आणि मागून पाण्याचा हात फिरवायचा.

एवढ्यात पस्तीस-चाळीस इडल्या होतात. आमच्याकडे नारळापेक्षा शेंगदाणा हाताशी असतो, म्हणून चटणी दाणे, डाळं, हिरवी मिरची आणि दह्याची. उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी त्याचे कांदा घालून उत्तप्पे.