स्वतःचा एमएमसी कन्सोल बनवा, दहा विंडो उघडत बसू नका

सर्व्हिसेससाठी एक विंडो, इव्हेंट व्ह्यूअरची दुसरी, सर्टिफिकेटची तिसरी, वर प्रत्येक सर्व्हरला रिमोट डेस्कटॉपने लॉगिन मारायचं, हे रोज करत असाल तर जरा थांबा. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल, म्हणजे एमएमसी, विंडोजमध्येच येतो. तो स्वतः काहीच करत नाही, नुसता रिकामा सांगाडा आहे, खरं काम स्नॅप-इन, म्हणजे त्यात बसवायची छोटी टूल्स करतात आणि ती आपल्याला हवी तशी जोडता येतात.

विंडोज की + आर दाबा, एमएमसी टाइप करून एंटर. रिकामी विंडो येईल, डावीकडे फक्त कन्सोल रूट. आता कंट्रोल + एम, म्हणजे स्नॅप-इन जोडायची विंडो उघडेल. यादीतून सर्व्हिसेस घ्या, अॅड करा, मग तो विचारतो लोकल कॉम्प्युटर की दुसरा, तिथे सर्व्हरचं नाव द्या. पाच सर्व्हर असतील तर तोच स्नॅप-इन पाच वेळा टाका, चालतं.

सर्टिफिकेट्स टाकताना मात्र नीट वाचा. माझं अकाउंट, सर्व्हिस अकाउंट, कॉम्प्युटर अकाउंट असे तीन पर्याय येतात, आणि वेबसाइटचं सर्टिफिकेट बहुतेक वेळा कॉम्प्युटर अकाउंटमध्ये असतं. मी एकदा घाईत पहिलाच पर्याय ठेवला आणि अर्धा तास 'सर्टिफिकेट गायब झालं' म्हणून शोधत बसलो, ते जागेवरच होतं.

अॅक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस यांचे स्नॅप-इन यादीत दिसत नसतील तर आरसॅट, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हर सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या टूल्सचा संच, टाकलेलं नाही. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून ते सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समधून घेता येतं, पण होम एडिशनवर नाही.

सगळं जोडलं आणि 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल' (आरपीसी म्हणजे कन्सोल दुसऱ्या मशीनशी बोलतो ती पद्धत) आलं तर आधी नाव पिंग करून डीएनएस बरोबर आयपी देतोय का बघा, मग समोरच्या मशीनचा फायरवॉल. इव्हेंट लॉगसाठी 'रिमोट इव्हेंट लॉग मॅनेजमेंट' आणि सर्व्हिसेससाठी 'रिमोट सर्व्हिस मॅनेजमेंट' हे रूल ग्रुप चालू करायचे. मधे नेटवर्कचा वेगळा फायरवॉल असेल तर फक्त १३५ पोर्ट उघडून भागत नाही, आरपीसी पुढचं बोलणं ४९१५२ ते ६५५३५ मधल्या कुठल्याही पोर्टवर करतो, लोक नेमके इथेच अडकतात.

आता सेव्ह. फाइल मेनूत ऑप्शन्समध्ये कन्सोल मोड असतो, तो ऑथर असेपर्यंत कोणीही त्यात काढघाल करू शकतो. हेल्पडेस्कच्या मुलांना द्यायचा असेल तर युजर मोड, लिमिटेड अॅक्सेस, सिंगल विंडो ठेवा. पण याला सिक्युरिटी समजू नका हां, राइट क्लिक करून ऑथर निवडलं की तीच फाइल परत एडिट होते, ते अडवायचं तर ग्रुप पॉलिसी लावावी लागते. आणि परमिशन तर कन्सोलमध्ये नसतातच, उघडणाऱ्याच्या अकाउंटला जे राइट्स तेवढंच त्याला जमणार.

फाइल डॉट एमएससी एक्स्टेन्शनने सेव्ह होते, आत साधं एक्सएमएल असतं, शेअर फोल्डरवर ठेवली तरी चालते, फक्त समोरच्याच्या पीसीवरही तेच स्नॅप-इन असायला हवेत, नाहीतर तेवढा भाग उघडणार नाही.