निसर्गस्नेही गृहसजावट: खरेदी सर्वांत शेवटी

घर निसर्गाच्या जवळ न्यायचे ठरले की बहुतेकांची पावले आधी दुकानाकडे वळतात आणि पहिली चूक तेथेच होते. वेताची खुर्ची, तागाचे पडदे आणि चार कुंड्या आणण्यापूर्वी दोन-तीन दिवस घराचे नुसते निरीक्षण करावे. ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजता येते, कोठपर्यंत पोहोचते, वारा कोठून शिरतो आणि कोठे अडतो, हे टिपून ठेवावे. लिहिण्याचे टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात आणि उंच कपाट खिडकीला लागून असेल, तर त्यांची अदलाबदल केल्याने पडणारा फरक नव्या दिव्यांनी पडत नाही. समोरासमोरच्या खिडक्यांमधली वाट मोकळी ठेवली की वारा खोलीतून आरपार वाहतो.

खिडकीतून एखादे झाड दिसत असेल, तर बसण्याची जागा त्याच्याकडे तोंड करून मांडावी. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत पाहत पडून राहिलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, असे आढळले होते. अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता, त्यामुळे त्यावरून मोठी विधाने करू नयेत. पण खुर्ची फिरवायला काही खर्च येत नाही.

त्यानंतर घरात आधीपासून असलेल्या सामानाकडे वळावे. भरीव लाकडाचे जुने कपाट टाकून देऊन बांबूचे नवे आणले, तर नव्या वस्तूसाठी पुन्हा कच्चा माल, ऊर्जा आणि वाहतूक खर्ची पडते, आणि जुने कपाट कचऱ्यात जाते ते वेगळेच. सांधे ढिले झाले असतील तर सुताराकडून घट्ट करून घ्यावेत, जुनी झिलई घासून काढावी आणि लाकडाला जवसाच्या तेलाचा किंवा चपडा लाखेच्या पॉलिशचा हात द्यावा. लाखेवर पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून टेबलाच्या पृष्ठभागाला तेलच बरे. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी विसरू नयेत. फार जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तपासणी करून घेतल्याशिवाय तो घासू नये. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

नवीन काही घ्यायचेच असेल, तर वस्तूच्या रूपापेक्षा तिच्या पोटात काय आहे ते विचारावे. बांबू हे गवत आहे. तीन ते पाच वर्षांत तो तोडण्याजोगा होतो आणि त्याच बेटातून पुन्हा फुटतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र त्यातील पिष्टामुळे भुंगेरे लागतात, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेलाच बांबू निवडावा. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेले तक्ते, प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेला तक्ता) यांच्या बाबतीत कळीचा प्रश्न डिंकाचा असतो. अनेक डिंकांतून फॉर्माल्डिहाइड हा अपायकारक वायू दीर्घकाळ बाहेर पडत राहते, म्हणून कमी उत्सर्जनाच्या दर्जाचा तक्ता मागावा आणि कापलेल्या कडा उघड्या न ठेवता बंद करून घ्याव्यात. जमिनीसाठी कॉर्क उत्तम; कॉर्क ओकची साल साधारण ९ वर्षांनी एकदा सोलतात आणि झाड उभेच राहते. लाकडाची रेघ छापलेली प्लास्टिकची फरशी मात्र कितीही हुबेहूब वाटली, तरी ती प्लास्टिकचीच असते.

भिंतींसाठी चुन्याचा गिलावा किंवा चुन्याचा रंग विचारात घ्यावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, भिंतीतील ओल कोंडून धरत नाही, आणि अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. जुन्या प्लास्टिक रंगावर तो नीट धरत नाही, म्हणून भिंत आधी खरवडावी. आणि चुन्यावर पुन्हा प्लास्टिक रंग दिला, तर सगळी मेहनत वाया जाते. काम करताना हातमोजे व चष्मा घालावा, कारण ओला चुना त्वचा आणि डोळे भाजतो.

झाडे शेवटी, तीही शोभेसाठी आणि सोबतीसाठी. हवा शुद्ध होईल या आशेने कुंड्या वाढवू नयेत. या समजुतीमागचे, नासाने १९८९ साली नोंदवलेले प्रयोग खोल्यांतले नव्हे, तर बंद पेट्यांतले होते. २०१९ मधील एका समीक्षेनुसार, इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तिच्याइतका परिणाम साधायला प्रत्येक चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. तेवढ्या कामासाठी खिडकी उघडावी. मंद उजेडात स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट तग धरतो, पण कुंडीतील माती बोटभर खोल कोरडी लागेपर्यंत पाणी घालू नये. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर ही दोन्ही झाडे त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत, कारण त्यांची पाने चघळणे प्राण्यांना बाधते.