टेबलावरची गोधडी: मॅट आणि रनर घरी कसे शिवायचे

टेबलावर घालायचा जाड मॅट आणि अंगावर घ्यायची गोधडी, दोन्ही शिवायची रीत एकच. वरचं कापड, मधला थर, खालचं अस्तर आणि तिघांना धरून ठेवणारे टाके. पण पांघरायची गोधडी जितकी फुगीर तितकी छान, टेबलावरची मात्र सपाटच हवी. मॅट फुगला की त्यावर ठेवलेला उभा पेला डुगडुगतो. घरातली माणसं दोन दिवस जपून वापरतात आणि तिसऱ्या दिवशी मॅट कपाटात जातो. माझ्या पहिल्या संचाचं असंच झालं. इतक्या हौसेनं शिवलेली वस्तू कुणी वापरेना, याचं फार वाईट वाटलं होतं. म्हणून कापडाचे रंग निवडण्याआधी मधल्या थराचं ठरवून टाका.

मधला थर

तयार बॅटिंग, म्हणजे मधे घालायचा मऊ तंतूंचा थर, सुती आणि पॉलिएस्टर अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. टेबलासाठी पातळ सुतीच घ्या. पॉलिएस्टर हलकं आणि फुगीर असतं, शिवाय चुलीवरून उतरवलेलं भांडं त्यावर ठेवलं तर ते वितळून आतल्या आत कडक होऊ शकतं. बॅटिंग नसेल तर फ्लॅनेलचा एक थर किंवा धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी सुती चादर दुहेरी करून घाला. मला स्वतःला जुनी चादर जास्त आवडते. ती पुरेशी आटून झालेली असते, त्यामुळे पुढे दगा देत नाही.

मॅट ताटाखाली ठेवायचा असतो, तापलेल्या भांड्याखाली नाही. भांड्यासाठी वेगळा लहान चौकोन शिवा आणि त्यात सुती बॅटिंगचे दोन थर घाला. असा चौकोन ओला असताना मात्र गरम भांडं धरायला कधीही घेऊ नका. पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते आणि चटका बसतो.

कापड आधी धुवा

वर, खाली आणि गोटाला (कडेनं लावायच्या पट्टीला), सगळीकडे सुती कापडच वापरा. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. वरचं कापड एक आणि अस्तर दुसरं असेल तर दोन्ही सारखी आटत नाहीत आणि मॅट चुण्या पडून आकसतो. कापायच्या आधी सगळं कापड कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या.

गडद लाल आणि गडद निळ्या कापडाची रंग जातो का ही परीक्षा वेगळी घ्या. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून धरा. डाग उठला तर पुन्हा धुवा, आणि डाग उठायचा थांबेपर्यंत ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं, पण सुटणारा रंग मिठानं बसत नाही. तो धुऊनच काढावा लागतो.

मापं

एका मॅटचं सोयीचं माप ४५ × ३५ सेंमी. ताट, वाटी, चमचे सगळं त्यावर मावतं. आपण तो उभ्या पट्ट्यांचा करूया, कारण पट्ट्या सरळ असतात आणि पहिल्याच प्रयत्नात जमतात. एका मॅटसाठी लागेल:

- वरच्या बाजूला ९ पट्ट्या, प्रत्येक ६.२ सेंमी रुंद आणि ३८ सेंमी लांब
- अस्तर आणि मधला थर, प्रत्येकी ५४ × ४६ सेंमी
- गोटासाठी ६ सेंमी रुंदीची पट्टी, जोडून एकूण १८५ सेंमी

पट्टी ६.२ सेंमी का, तर दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर माया (शिवणीच्या आत जाणारं कापड) जाते आणि दिसायला बरोबर ५ सेंमी उरतात. गोटाचा हिशोब असा: चारही बाजूंची बेरीज १६० सेंमी, कोपऱ्यांना आणि जोडाला म्हणून २५ सेंमी जास्त.

पट्ट्या कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्यावरच कापा. तिरक्या कापल्या तर इस्त्रीखाली ताणल्या जातात. रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचं कापायचं हत्यार) आणि आखायची जाड पट्टी असेल तर काम फारच सोपं होतं. नसेल तर खडूनं रेघ मारून धारदार कात्रीनं कापा, मात्र कापड दुमडून चार थर एकदम कापायचा मोह टाळा.

पट्ट्या जोडणं

पट्ट्या जमिनीवर मांडून पाहा. कुठला रंग कुठे खुलतो हे डोळ्यांना पटकन कळत नाही, तेव्हा मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढा. फोटोत सगळ्या पट्ट्या एकसारख्या करड्या दिसल्या तर रंग वेगवेगळे असूनही मॅट फिका पडणार. एकदोन पट्ट्या गडद किंवा अगदी उजळ घ्या.

आता मशीनवर टाक्याची लांबी २.५ ठेवा. आधी तीन टाकाऊ तुकडे ६.२ सेंमी रुंद कापून एकमेकांना जोडा, इस्त्री करा आणि मधला तुकडा मोजा. तो बरोबर ५ सेंमी भरला तर तुमची माया बरोबर आहे. ही दहा मिनिटं वाया जात नाहीत: माया एक मिलिमीटर जास्त गेली तरी दर शिवणीला दोन्ही पट्ट्या मिळून दोन मिलिमीटर जातात, आणि आठ शिवणींत दीड सेंटिमीटरहून जास्त कमी भरतं.

पहिल्या दोन पट्ट्या सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून शिवा. तिसरी जोडताना शिवण उलट्या टोकाकडून सुरू करा, चौथीला पुन्हा पहिल्या टोकाकडून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊच्या नऊ पट्ट्या मी एकाच बाजूनं शिवत गेले आणि शेवटी टेबलावर पसरून पाहते तर चौकोनाऐवजी चंद्रकोर. मशीनचे दात खालचं कापड वरच्यापेक्षा कणभर जास्त ओढतात. दर शिवणीला ते एकाच दिशेनं ओढलं गेलं की सगळा तुकडा त्या बाजूला वाकतो. दिशा बदलत गेलं की ओढ आपोआप फिटते.

प्रत्येक शिवण झाल्यावर इस्त्री करा. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. घासत नेली तर पट्टी ताणून लाटेसारखी होते. आधी शिवण आहे तशीच दाबा म्हणजे दोरा कापडात बसतो, मग पट्टी उघडून माया गडद कापडाच्या बाजूला वळवा. फिकट कापडाखाली गडद माया राहिली तर वरून सावलीसारखी दिसते.

तीन थर एकत्र

अस्तर उलट बाजू वर करून टेबलावर पसरा आणि कडा चिकटपट्टीनं टेबलाला चिकटवा. ताठ असावं, ताणलेलं नसावं. त्यावर मधला थर, त्यावर जोडलेला तुकडा सुलट बाजू वर करून ठेवा. मधून बाहेरच्या दिशेनं हात फिरवत सुरकुत्या काढा. मग सेफ्टी पिना लावा, साधारण तळहाताएवढ्या अंतरावर. पिना नसतील तर मोठे मोठे कच्चे टाके घाला, नंतर ते उसवायचेच आहेत.

मशीनला ९० नंबरची सुई लावा आणि टाक्याची लांबी ३ ते ३.५ करा. वॉकिंग फूट असेल तर जरूर वापरा, तो वरचं कापडही खालच्याच वेगानं पुढे सरकवतो. नसेल तर फुटाचा दाब थोडा कमी करा आणि सावकाश चालवा. पहिली ओळ मधल्या पट्टीपाशी घाला आणि तिथून दोन्ही बाजूंना सरका. कडेकडून आत आलात तर जास्तीचं कापड मध्यावर गोळा होतं आणि तिथे कायमची चुणी बसते. नवशिक्यांनी शिवणीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना समांतर ओळी घालाव्यात. शिवणच मार्गदर्शक होते, वेगळी रेघ मारावी लागत नाही. दोन ओळींत सात-आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर धुण्यात मधला थर सरकून गोळे होतात.

हातानं दोरे घालायचे असतील तर जाड सुती दोरा घ्या आणि साधा धावदोरा घाला. गाठ आतल्या थरात ओढून लपवा. मशीनपेक्षा वेळ कितीतरी जास्त लागतो, पण हातच्या टाक्यांनी जो मऊपणा येतो तो मशीनला येत नाही. संचातला एखादा तरी मॅट असा करून पाहा.

गोट

दोरे घालून झाल्यावर काटकोन तपासत तुकडा ४५ × ३५ सेंमी कापून घ्या. चारी बाजू आता नेमक्या झाल्या.

गोटाच्या पट्ट्या टोकाला टोक लावून सरळ जोडू नका, ४५ अंशात तिरक्या जोडा. सरळ जोडाला सगळी जाडी एकाच जागी येते. कडा सरळ असल्यामुळे उभ्या-आडव्या धाग्यावरची पट्टी चालते. कोपरे गोल करायचे असतील तर मात्र उरेबच, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, हवी, सरळ पट्टी वळणावर बसत नाही.

पूर्ण पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, म्हणजे ३ सेंमी रुंदीची दुहेरी पट्टी होईल. सुरुवातीचं टोक तिरकं आत दुमडा. पट्टीच्या उघड्या कडा मॅटच्या सुलट बाजूच्या कडेला लावा. कोपऱ्यापासून नाही, एखाद्या बाजूच्या मधून सुरू करा, पहिले १० सेंमी मोकळे सोडा आणि ७ मिलिमीटर आतून शिवत जा.

कोपऱ्यापाशी घाई नको. टोकाला ७ मिलिमीटर उरले की थांबा, दोन टाके मागे घ्या, दोरा कापा. मॅट फिरवा. पट्टी सरळ वर, तुमच्यापासून लांब, उचलून दुमडा. कोपऱ्यात ४५ अंशाची तिरकी घडी दिसेल. ती घडी बोटानं दाबून धरा आणि पट्टी तशीच खाली आणा. वरची घडी मॅटच्या वरच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे आणि पट्टीच्या उघड्या कडा नव्या बाजूच्या कडेवर आल्या पाहिजेत. आता अगदी वरून पुन्हा शिवायला लागा. घडीत जास्तीचं कापड त्रिकोणासारखं उभं राहतं, ते तसंच राहू द्या. गोट मागे वळवला की तोच त्रिकोण कोपरा होऊन बसतो.

शेवटी उरलेलं टोक सुरुवातीच्या मोकळ्या भागात सरकवा, जास्तीचं कापा, शिवून टाका. गोट मागच्या बाजूला वळवून मशीनची शिवण झाकेल इतका ओढा आणि हातशिलाई करा. टाके अस्तरात आणि मधल्या थरात जावेत, सुलट बाजूवर दिसू नयेत.

रनर आणि बाकीचं घर

रनर म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीत घालायची पट्टी. त्याची कृती हीच, फक्त माप वेगळं. रुंदी टेबलाच्या रुंदीच्या साधारण एकतृतीयांश, आणि लांबी टेबलापेक्षा ३० ते ४० सेंमी जास्त, म्हणजे दोन्ही टोकांना १५ ते २० सेंमी लोंबेल. लोंबणारा भाग बसणाऱ्याच्या मांडीला लागत असेल तर रनर टेबलाइतकाच ठेवा.

रंग टेबल बघून ठरवू नका, खोली बघून ठरवा. पडद्यातला किंवा सतरंजीतला एक रंग उचला, तो रनरमध्ये घ्या आणि खोलीत आणखी एका ठिकाणी, उशीच्या अभ्र्याच्या गोटाला किंवा खुर्चीच्या गादीला, पुन्हा लावा. तीन ठिकाणी एक रंग दिसला की खोली जुळून येते. सगळंच एका कापडाचं केलं तर घर दुकानातल्या मांडणीसारखं दिसतं, म्हणून कापडं वेगळी ठेवा आणि धागा एका रंगाचा ठेवा.

आणि संध्याकाळी छताचा पांढरा दिवा बंद करून पाहा. २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब लावलेला एक दिवा टेबलाजवळ, डोळ्यांच्या उंचीपेक्षा खाली ठेवा. उजेड बाजूनं आला की टाक्यांच्या ओळींची उंच-सखल नक्षी उमटते. वरून पडलेल्या उजेडात ती पुसली जाते. माझ्या घरातली माणसं पहिल्यांदा मॅटवरून बोटं फिरवू लागली ती अशाच उजेडात.

धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा, पिळू नका, सपाट पसरून वाळवा. डाग पडल्या पडल्या थंड पाण्यानं काढा. डाग निघेपर्यंत इस्त्री लावू नका, उष्णतेनं तो पक्का होतो. रोज वापरायचे असतील तर एका माणसामागे दोन मॅट शिवा, एक टेबलावर आणि एक धुण्यात.

कडा कापताना निघालेल्या पट्ट्या टाकू नका. त्या एकमेकांना जोडून १० सेंमीचे चौकोन करून, आत चादरीचा एकच थर घालून पेल्याखालच्या चकत्या होतात. गोट लावायच्या आधी कोपऱ्याची घडी हातात बसवायची असेल, तर सराव याच चकत्यांवर करा.