कूपे गाडीचा रोल केज: आखणी, पाइप आणि वेल्डिंग

रोल केज म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा, आत बसवलेला पोलादी पाइपांचा सांगाडा. त्याचं पहिलं माप गाडीचं नाही, चालकाचं घ्यायचं. रेसिंग सीट तिच्या कायमच्या जागी बोल्टने बसवा, चालकाला हेल्मेट घालून बसवा, बेल्ट आवळा आणि डोकं, खांदे, गुडघे कुठवर पोचतात ते छतावर व दारांवर खडूने आखून घ्या. सीट नंतर बसवू म्हणणाऱ्यांच्या गाडीत छतावरचा पाइप नेमका हेल्मेटला टेकतो, आणि तोवर सगळं वेल्ड झालेलं असतं.

इथला नमुना ११०० किलोच्या, दोन दारांच्या गाडीचा आहे. मापं एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धा संघटनेच्या) नियमावलीतल्या अपेंडिक्स जे, कलम २५३ प्रमाणे आहेत. भारतातल्या शर्यतींचं नियमन एफएमएससीआय (मोटरस्पोर्ट क्लबांचा महासंघ) करते, त्यामुळे पाइप कापण्याआधी त्या वर्षाचे नियम वाचा आणि आराखडा स्क्रुटिनिअरला (शर्यतीआधी गाडी तपासणाऱ्याला) दाखवा.

सांगाडा सहा पायांचा. सीटमागे एकाच अखंड पाइपची मुख्य कमान. तिच्यापासून निघून छताच्या कडेने, पुढच्या काचेच्या खांबालगत खाली उतरणाऱ्या दोन अर्धकमानी. काचेच्या वर त्यांना जोडणारा आडवा पाइप. मुख्य कमानीपासून मागे खाली उतरणारे दोन सरळ पाइप, म्हणजे तीर, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांत. मुख्य कमान ओळंब्यापासून १० अंशांहून जास्त कलू द्यायची नाही.

मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी (बाहेरचा व्यास × भिंतीची जाडी), बाकी सगळ्याला ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी हे किमान माप. ५० × २ चा पाइप ४५ × २.५ पेक्षा सुमारे १० टक्के हलका आणि १५ टक्के ताठ भरतो, म्हणून कागदावर तोच मोहात पाडतो. पण त्याची भिंत पातळ: बेंडिंगमध्ये लवकर चुरगळतो, शिवाय खांबाजवळ जागा जास्त खातो. चांगलं मँड्रेल बेंडर (पाइपच्या आत आधार देऊन वाकवणारं यंत्र) हाताशी नसेल तर ४५ × २.५ च घ्या. आमच्या नमुन्यात मुख्य कमानीला साधारण ३.६ मीटर आणि बाकीला २२ मीटर पाइप लागतो. प्लेटा सोडून ५० किलोच्या आसपास वजन.

पोलाद बिनशिवणीचं, कोल्ड ड्रॉन (थंड असताना ओढून काढलेलं), किमान ३५० न्यूटन प्रति चौ.मिमी ताणशक्तीचं हवं. गेट-ग्रिलसाठी मिळणारा शिवणीचा पाइप दिसायला तसाच असतो, पण बाकावर, म्हणजे वाकवलेल्या जागी, ती शिवण उलू शकते. पाइपसोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा; ते नसेल तर तो माल नको.

पाइप गरम करून वाकवायचा नाही. बाकाची त्रिज्या, मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या तिप्पट तरी हवी: ४५ ला १३५ मिमी, ४० ला १२० मिमी. वाकवताना पाइप थोडा चपटा होतो, म्हणून प्रत्येक बाकावर कॅलिपर लावा. लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीहून कमी भरला तर तो तुकडा भंगारात.

आता खरी आखणी. चौकोन कोपऱ्यात दुमडतो, त्रिकोण दुमडत नाही. म्हणून मुख्य कमानीत दोन कर्ण, छतात दोन कर्ण, दारात दोन पाइपांचा एक्स. दाराच्या एक्सचा वरचा भाग दाराच्या उघड्या उंचीच्या निम्म्याहून वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर चालक बाहेर पडणार कसा? नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे छताचा कर्ण कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडे, पाइपच्या मध्यावर आणून जोडणं. गाडी उलटली की तो कर्ण त्या पाइपला मधोमध ढकलून वाकवतो. पाइपांच्या मध्यरेषा शक्यतो एकाच बिंदूत आणा, जोर एका पाइपातून थेट दुसऱ्यात जाऊ द्या. एक्सच्या मध्यावर गसेट (कोन बळकट करणारे तुकडे) हवेत: वाकवलेला, किमान १ मिमी जाडीचा पत्रा, ज्याची टोकं कोनापासून मोठ्या पाइपच्या व्यासाच्या २ ते ४ पट अंतरावर येतील.

खांद्यांच्या बेल्टसाठीचा आडवा पाइप सीटच्या खांदाकडेपासून मागे फार खाली नको. पट्टा आडव्या रेषेशी ४५ अंशांहून जास्त उतरला तर धडकेत तो मणका खाली दाबतो. १० अंशांच्या आत ठेवणं उत्तम.

पायांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. फरशीचा पत्रा मिलिमीटरभराचाही नसतो, त्यावर उघडा पाइप उभा केला तर तो पत्रा फाडून खाली जातो. पुढच्या व मुख्य पायांखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौ.सेंमी प्लेट (१०० × १२० मिमी) घाला, मागच्या तीरांना ६० चौ.सेंमी. प्लेट दाराखालच्या उंबऱ्याच्या उभ्या पत्र्यावरही चढवा आणि कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपऱ्यापासून पत्रा फाटायला लागतो. बोल्टचा पाय असेल तर ८.८ ग्रेडचे एम८ (८ मिमी) बोल्ट, पुढे प्रत्येकी तीन, मागे दोन.

वेल्डिंगआधी बॅटरी, इंधनटाकी, वायरिंग, काचा आणि फरशीवरचा डांबरी थर काढा. तो पेट घेतो. पाइपच्या टोकाला माशाच्या तोंडासारखा काप होल-सॉने (गोल करवतीने) घ्या. फट मिलिमीटरभरापेक्षा मोठी असेल तर वेल्डने बुजवू नका, पाइप नवा कापा. आधी सगळं फक्त टॅक करा (छोट्या टाक्यांनी तात्पुरतं जोडा) आणि मुख्य कमानीच्या दोन पायांत तात्पुरता आडवा पाइप ठोका, नाहीतर आकसून पाय आत येतात. एक टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे.

छताला चिकटलेल्या सांध्याच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. त्यासाठी फरशीत पायांखाली भोकं पाडून टॅक केलेला केज १०-१५ सेंमी खाली सोडतात, वरचे सांधे पूर्ण फिरवून वेल्ड करतात, मग केज उचलून खाली प्लेटा बसवतात. खटाटोप मोठा आहे, पण तीन-चतुर्थांश वेल्ड झालेला सांधा स्क्रुटिनिअर छोट्या आरशात बघतोच. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नका. चकाकी येते, धातू जातो.

हेल्मेट पोचेल तिथे एफआयए ८८५७-२००१ मानकाचं पॅडिंग लावा. एसीच्या पाइपवरचा काळा मऊ फोम चालत नाही, तो डोक्याखाली सपाट होतो. आणि हेल्मेटशिवाय अशी गाडी रस्त्यावर चालवणं धोक्याचं: डोकं थेट पोलादावर आपटतं. शिवाय नोंदणीकृत गाडीत बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा.